एक मैदान, दोन चेंडू

पाचोऱ्याच्या स्टेशनात अनेक दशके दोन गाड्या शेजारी शेजारी नांदल्या. एक मुंबई-भुसावळ मार्गावरची ब्रॉडगेज आणि दुसरी जामनेरपर्यंत छप्पन्न किलोमीटर डुलत डुलत जाणारी आमची नॅरोगेज 'पीजे'. मोठी गाडी धडधडत यायची आणि पीजे तिच्यातून उतरणाऱ्या माणसांची शांतपणे वाट पाहत उभी असायची. २०२० साली पीजे थांबली. पण लहानपणापासून हे दृश्य पाहिल्यामुळे असेल, एका जागेत दोघांनी नांदणे ही मला फार सोपी गोष्ट वाटत आली होती. गेल्या पावसाळ्यात एका मैदानाने माझा हा समज काढून टाकला.

मी क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षे झाली. तरी संध्याकाळचे पाच वाजले की पाय आपोआप मैदानाकडे वळतात. भुसावळला मामांकडे शिकत असताना रेल्वे वसाहतीतल्या मुलांबरोबर फुटबॉल खेळलो आणि ते वेड कायमचे लागले. त्यामुळे आमच्या मैदानावर फुटबॉलचे मंडळ उभे राहिले तेव्हा त्याचा मी हौसेने कारभारी झालो.

मैदान म्हणजे मूळची काळी माती. खानदेशातली काळी माती कापसाला माउली, पण खेळाडूला सावत्र आई. पावसात फुगून चिकट होते आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसकडे गेला की तिला अशा भेगा पडतात की त्यात घोटा अडकावा. त्यावर मुरूम आणि वाळू पसरून, रोलर फिरवून आम्ही हरळी लावली. हरळी म्हटल्यावर एका पालकांनी कपाळाला हात लावला होता. "सर, जी काढता काढता आमच्या दोन पिढ्या गेल्या, ती तुम्ही मुद्दाम लावताय?" त्यांचे चूक नव्हते. शेतात हरळी म्हणजे शत्रू. पण हीच हरळी दूर्वा होऊन गणपतीच्या मस्तकावर चढते आणि हीच 'बर्म्युडा गवत' या नावाने जगभरातल्या उष्ण प्रदेशांतल्या मैदानांवर मानाने पसरलेली असते. तुडवली तरी ती जमिनीलगतच्या धुमाऱ्यांनी आणि जमिनीखालच्या मुळीने पुन्हा उठते. घराण्याला आपण 'हरळीच्या मुळी'ची उपमा देतो ती उगीच नाही. मात्र तिची एक अट असते. उठायला तिला थोडा वेळ द्यावा लागतो.

या हिरवळीवर आमचा फुटबॉल सुखाने चालला असताना एक तरुण शिक्षक पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आले आणि त्यांनी रग्बीचा चेंडू आणला. तो पाहून एक चिमुरडा अहिराणीत म्हणाला, "हाऊ चेंडू कोनी चेपी दिन्हा, सर?" सगळे हसले. पण महिनाभरात पंचवीस-तीस मुले-मुली त्या चेपलेल्या चेंडूमागे धावू लागली. त्यात मुली जास्त. रग्बी आता शालेय स्पर्धांमध्ये आहे. पुढे खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के राखीव जागा आहेत, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. लहान गावातल्या घरात या गोष्टींना वजन असते. क्रिकेटच्या रांगेत हजार जण उभे असतात. नव्या खेळाची रांग लहान, एवढे गणित आईबापांनाही कळते.

प्रश्न उभा राहिला तो मैदानाच्या वाटणीचा. मी मोठ्या न्यायबुद्धीचा आव आणून वेळापत्रक केले. आठवड्यातले चार दिवस फुटबॉल, मंगळवार आणि गुरुवार रग्बी, रविवारी सुट्टी. आणि खाली एक बारीक ओळ लिहिली: 'पाऊस झाल्यास गवत वाचवण्यासाठी रग्बीचा सराव मुख्य मैदानावर होणार नाही.' ही ओळ लिहिताना मनात काही खोट होती असे मला वाटले नाही. रग्बी म्हणजे ढकलाढकली, लोळणे, चिखल. ती गवत उपटणार हे मी गृहीतच धरले होते.

खरे तर हे दोन्ही खेळ एकाच घरातले भाऊ. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या शाळाशाळांत आपापल्या नियमांनी फुटबॉल खेळत. कुठे चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा, कुठे मनाई. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. चेंडू हातात घेऊन पळणे आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारणे या दोन गोष्टी नव्या नियमांतून वगळल्या, म्हणून ब्लॅकहीथ नावाचा क्लब रागावून बाहेर पडला. १८७१ साली रग्बीवाल्यांनी आपली वेगळी चूल मांडली. भाऊबंदकीतल्या वाटणीत नेहमी होते तेच इथेही झाले. भांडी वेगळी झाली, पण अंगण तेवढेच राहिले. दोन्ही खेळांना साधारण शंभर मीटर लांबीचे आणि सत्तर मीटरच्या आसपास रुंदीचे हिरवे मैदानच लागते. फरक खांबांचा आणि रेघांचा. फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, मागे जाळी. रग्बीचे खांब ५.६ मीटर अंतरावर, तीन मीटरवर आडवी दांडी, आणि खांब वर आकाशात गेलेले. मोठ्या रग्बीत दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. त्या जागचे गवत बिचारे सोलून निघते, हे खरे.

पण आमच्या मुली खेळत होत्या तो सात-सात जणांचा रग्बी. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये आला तोच. त्यात स्क्रमला तीन-तीनच जण आणि सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. चौदा जणांची चौदा मिनिटे. फुटबॉलमध्ये बावीस जणांची नव्वद मिनिटे. हा हिशेब मी कागदावर मांडला असता तर ती बारीक ओळ लिहिली नसती. पण आपल्या खेळाने केलेला खड्डा आपल्याला दिसत नाही. मैदानावर सर्वांत मोठे टक्कल कुठे होते? फुटबॉलच्या दोन्ही गोलांच्या तोंडाशी, जिथे आमचे गोलरक्षक रोज तासन्‌तास उड्या मारत होते!

ऑगस्टमध्ये पाऊस जणू वेळापत्रक वाचून पडत होता. मंगळवार आला की सर आणि गुरुवार आला की रिपरिप. रग्बीच्या मुलांना मी कडेच्या मुरमाच्या पट्ट्यावर पाठवत राहिलो. बुधवारी मैदान तितकेच ओले असे, पण फुटबॉलला ती ओळ लागू नव्हती. एके दिवशी नववीतली एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात मागे, नजर खाली, पण आवाज स्वच्छ. "सर, आमच्या वाट्याला नेहमी उरलेलंच मैदान का?" मी तिला गवताचे शास्त्र ऐकवले. ती "बरं सर" म्हणून गेली. पुढच्याच आठवड्यात त्या मुरमावर पडून तिचे गळ्याजवळचे हासळीचे हाड मोडले. जिल्ह्याच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर होती. ती निवड तिच्याशिवाय झाली.

हाड जुळले. मुलांची हाडे जुळतात. मला मात्र झोप लागेना. आणि मग मैदानाच्या भांडणांविषयी मिळेल ते वाचत सुटलो तेव्हा कळले की माझ्यासारखे कारभारी या महाराष्ट्रात पूर्वीही होऊन गेले आहेत.

मुंबईत फोर्टजवळच्या विस्तीर्ण मैदानावर १८७५ साली युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. क्रिकेटसाठी त्यांनी आपला तुकडा राखून ठेवला. तिथे देशी माणसाला प्रवेश नव्हता. उरलेल्या मोकळ्या मैदानावर पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत. पण त्याच उरलेल्या मैदानावर साहेब मंडळी ठरलेल्या दिवशी घोडे घेऊन पोलो खेळायला येत. घोड्यांच्या टापांनी उखणलेल्या जमिनीवर दुसऱ्या दिवशी चेंडू कुठून कसा उसळेल याचा भरवसा नसे. १८८१ साली देशी क्रिकेटपटूंनी शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. पोलो खेळणारे मूठभर, आम्ही शेकडो, आणि आम्हाला खेळायला दुसरी जागा नाही, असे त्यांचे साधे म्हणणे होते. एकदा निर्णय त्यांच्या बाजूने लागला, मग तो फिरला आणि घोडे परत आले. ही लढाई वर्षानुवर्षे चालली. तिची हकीकत शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटप्रेमी गृहस्थांनी १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. पुस्तकाच्या नावातच 'युरोपियन पोलो विरुद्ध देशी क्रिकेट' असा झगडा लिहिलेला आहे. पुढे पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्रकाठी आपापली मैदाने मिळाली तेव्हा कुठे तो वाद शमला.

हे वाचताना मला लाज वाटली. मी गोरा साहेब नाही, माझ्याकडे घोडाही नाही. पण स्वतःचा तुकडा राखून दुसऱ्याला 'उरलेले' देण्याची माझी पद्धत तीच होती.

गंमत म्हणजे ज्या बॉम्बे जिमखान्याने हा झगडा लावून दिला, त्याच्याच मैदानाने पुढे एकाच हिरवळीवर अनेक खेळ कसे नांदवावेत याचा धडाही दिला. १९३३ सालच्या डिसेंबरात भारतातला पहिला कसोटी सामना इथेच झाला आणि लाला अमरनाथांनी इथेच ११८ धावांची खेळी केली. पण पावसाळा आला की क्रिकेट आपला बाडबिस्तरा गुंडाळते आणि त्याच जागी फुटबॉल व रग्बीचे खांब उभे राहतात. मुंबईच्या रग्बीचा हंगाम म्हणजे पावसाळा. सीएसएमटीला उतरून चालत गेलात तर जून-जुलैत कुंपणाबाहेर छत्र्या घेऊन उभे राहिलेले प्रेक्षक दिसतील. क्रिकेटला कोरडी, कडक जमीन हवी. रग्बीत माणूस पडतो, म्हणून त्याला मऊ जमीन हवी. ऋतूंनीच वाटणी करून दिली. माझ्या बारीक ओळीचा आणखी एक पराभव! ओल्या दिवशी ज्यांना मऊ हिरवळीची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच मी मुरमावर धाडत होतो.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या सर्वांसमोर घडले. अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडासंकुलातले मैदान मुंबई सिटी एफसी या फुटबॉल संघाचे २०१६ पासूनचे घर. २०२५ सालच्या जूनमध्ये त्याच मैदानावर सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग दोन आठवडे खेळली गेली. फुटबॉलचा हंगाम संपलेला, पुढचा सुरू व्हायचा. मधल्या काळात घर धाकट्या भावाला दिले. इंग्लंडमध्ये तर ही रीतच पडली होती. क्वीन्स पार्क रेंजर्सच्या मैदानावर १९९६ पासून काही वर्षे वॉस्प्स हा रग्बी संघ खेळला, वॉटफर्डच्या मैदानावर १९९७ ते २०१३ सॅरासेन्स खेळले. भाडे मिळे, पण एकाच हिवाळ्यात दोन्ही खेळ आल्याने मैदानाची काळजी घेणाऱ्या माळ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. पैशाने मैदान दोघांना देता येते, गवताला विश्रांती विकत घेता येत नाही.

आणि मैदानाची वाटणी नुसती गवताची नसते, मनाचीही असते. डब्लिनच्या क्रोक पार्कची गोष्ट मला त्यासाठी मोलाची वाटते. ते आयरिश लोकांच्या स्वतःच्या खेळांचे मैदान. १९२० साली २१ नोव्हेंबरला ब्रिटिश सत्तेच्या हत्यारबंद माणसांनी तिथे सामन्याच्या वेळी गोळीबार केला आणि चौदा माणसे मेली. रग्बी आणि फुटबॉल हे इंग्रजांचे खेळ. त्यांना त्या मैदानात पाय ठेवायला नियमानेच बंदी होती. पण हे दोन खेळ डब्लिनच्या ज्या लॅन्सडाउन रोड मैदानावर खेळले जात, ते पाडून नवे बांधायचे ठरले. शेजाऱ्याचे घर उतरवलेले असताना दार लावून बसायचे का? बरीच चर्चा झाली आणि २००५ साली बंदी शिथिल झाली. २४ फेब्रुवारी २००७ रोजी इंग्लंडचा रग्बी संघ त्या मैदानात उतरला. त्यांचे राष्ट्रगीत वाजले आणि ऐंशी हजारांवर प्रेक्षक शांतपणे उभे राहिले. त्यानंतर आयर्लंडने इंग्लंडला ४३-१३ असे हरवले, हा भाग वेगळा! २०१० साली नवे मैदान तयार झाले. आज ते रग्बी आणि फुटबॉल या दोन्ही संघटनांचे सामायिक आहे.

डब्लिन फार दूर झाले. आमच्या मैदानाचा तिढा सुटला तो धुळे जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यामुळे. त्या मुलीचे आजोळ साक्री तालुक्यातले, पांझरेकाठचे. नातीला भेटायला आजोबा पाचोऱ्याला आले आणि तिच्याबरोबर मैदानावरही आले. मी संकोचत सगळी हकीकत सांगितली. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. पागोटे सारखे करत म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पाणी आधी वाटलं आणि जमिनीचा विचार मागून केला. आमच्या फडात उलटं असतं."

खानदेशातली फड पद्धत वाचकांपैकी अनेकांनी ऐकली असेल. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर छोटे बंधारे घालून पाटाने पाणी शेतात आणायचे आणि सगळ्या गावाने मिळून ते वाटायचे. ही रीत तीन-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्याखालची जमीन मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, विभागलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. दरवर्षी पिकांची फेरपालट करायची आणि एखादा फड मोकळा ठेवायचा. बहुतेकांची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असे, त्यामुळे दुष्काळात एखाद्या फडाचे पाणी तोडले तर झळ सगळ्यांना सारखी बसे. पाणी सोडण्याचे काम शेतकऱ्याने स्वतः करायचे नाही, त्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी. विहिरी आणि पंप आल्यापासून ही पद्धत बरीच विस्कटली, पण तिच्यामागचे शहाणपण अजून जुने झालेले नाही.

आजोबा म्हणाले, "आधी कोणता फड पडीक ठेवायचा ते ठरवायचं. मग पाळ्या. आणि पाटाची कुदळ ज्याचं शेत आहे त्याच्या हातात द्यायची नाही."

त्या रात्री मी माझे वेळापत्रक फाडले. दुसऱ्या दिवशी दोन्ही मंडळांची मुले हरळीवर गोल करून बसली आणि नवे नियम केले. आधी विश्रांती ठरली. आठवड्यात दोन दिवस मैदानावर कोणीही उतरायचे नाही. उरलेले पाच दिवस एक आठवडा फुटबॉलला तीन आणि रग्बीला दोन, पुढच्या आठवड्यात उलट. पाऊस फार झाला आणि मैदानावर पाणी साचले तर त्या दिवशी दोन्ही खेळ बंद, आणि ज्याची पाळी बुडाली त्याला ती पुढे भरून द्यायची. सरावासाठी मैदानाचे आडवे तीन फड पाडले आणि त्यांतला एक आळीपाळीने मोकळा. गोलरक्षकांचा सराव गोलात करायचा नाही, बाजूला दोन बांबू रोवून जागा बदलत करायचा. स्क्रमचा सराव कडेच्या पट्ट्यावर, पण तिथे आधी मुरूम उकरून मऊ माती आणि वाळू टाकायची. हे काम फुटबॉलच्या मुलांनी अंगावर घेतले, मी सांगितले नव्हते. फुटबॉलच्या रेघा पांढऱ्या फक्कीच्या, रग्बीच्या रेघा गेरूच्या.

आणि फाटकाची किल्ली माझ्याकडून काढून घेतली गेली! दर आठवड्याला एक मुलगा किंवा मुलगी 'पाटकरी' होते. फुटबॉलच्या आठवड्यात रग्बीची, रग्बीच्या आठवड्यात फुटबॉलचा. मैदान ओले की कोरडे हे तो पाटकरी ठरवतो. पहिली पाटकरी कोण झाली हे सांगायला नकोच. हात गळ्यात अडकवलेला होता, तरी ती रोज पाच वाजता येऊन टाचेने जमीन दाबून पाही आणि मगच किल्ली फिरवी.

सगळे सुरळीत झाले असे सांगितले तर वाचक विश्वास ठेवणार नाहीत, आणि ठेवूही नये. नोव्हेंबरात फुटबॉलचा सामना ठरला आणि पाळी रग्बीची होती, तेव्हा दोन दिवस अबोला झाला. मग सामना सकाळी आणि रग्बी संध्याकाळी असा तोडगा निघाला आणि पुढचा पूर्ण आठवडा मैदान बंद राहिले. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर परवडत नाही, तेव्हा हरळी पिवळी पडतेच. काही टकले अजून भरलेली नाहीत. पण गोलाच्या तोंडाशी, जिथे कित्येक वर्षे नुसती धूळ होती, तिथे या पावसानंतर हिरवे धुमारे आलेले मी पाहिले आणि वाकून हात लावला.

ती मुलगी आता पुन्हा धावते. एका निवडीची संधी माझ्या एका ओळीने गेली, ती मी तिला परत देऊ शकत नाही. परवा तिची पाळी संपली तेव्हा ती किल्ली माझ्या हातात देऊ लागली. मी सवयीने हात पुढे केला. तेवढ्यात तिलाच आठवले. "अरे हो, सर, तुम्हाला नाही द्यायची," असे म्हणून ती हसली आणि फुटबॉलच्या एका पोराला हाक मारत पळाली.